भिंतीपाशी थांबणाऱ्या लहरी

खोलीच्या दोन टोकांना, चारेक मीटर अंतरावर, तळहाताएवढे दोन रेडिओ बोर्ड ठेवले होते. ६० गिगाहर्ट्झवर दोघांचं बोलणं चालू होतं आणि संगणकाच्या पडद्यावर वेग दाखवणारी हिरवी रेघ सेकंदाला दोन गिगाबिटच्या जरा वर स्थिर होती. मी मधून चालत गेलो. रेघ थेट तळाला गेली. मी तिथेच थांबलो, तर क्षणभरात ती पुन्हा वर आली, फक्त आधीपेक्षा थोडी खाली. मी वाटेत उभाच होतो, मग ही जोडणी झाली कुठून? भिंतीलगत एक पोलादी कपाट होतं. बोर्डाने आपला झोत त्या कपाटाकडे वळवला होता आणि तिथून परावर्तित होऊन तो पलीकडे पोचत होता. खात्री करायला मी कपाटाचं दार उघडलं. रेघ पुन्हा पडली.

मिलिमीटर लहरींबद्दल मी त्याआधी बरंच वाचलं होतं. पण त्या खोलीत जे कळलं ते वाचून कळलं नव्हतं. या लहरी रेडिओच्या असल्या तरी वागतात प्रकाशासारख्या. दिवा लावावा तसा त्यांचा प्रक्षेपक लावावा लागतो, आणि माणूस मध्ये आला की सावली पडते. तरीही गेली काही वर्षं जगभरच्या बऱ्याच सरकारांनी त्या विकल्या त्या मात्र जुन्या मोबाइल लहरींच्या मापाने: अख्ख्या देशाचा हक्क, मोजक्या कंपन्यांना, लिलावात, दीर्घ मुदतीसाठी. माझ्या मते ही मुळातली चूक आहे. या लहरींचा परवाना देशाचा नव्हे, जागेचा असायला हवा. इमारतीचा, आवाराचा, फार तर रस्त्याच्या एका तुकड्याचा. आणि तो ज्याला त्या जागी जाळं उभारायचं आहे त्या कोणालाही सहज मिळायला हवा.

आधी मोजमाप. शास्त्रीय व्याख्येने मिलिमीटर लहरी म्हणजे ३० ते ३०० गिगाहर्ट्झचा पट्टा, तरंगलांबी १० मिलिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत. व्यवहारात २४ गिगाहर्ट्झपासून पुढचं सगळंच या नावाखाली येतं. तुलनेसाठी, ७०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीची लांबी ४० सेंटिमीटरहून जास्त असते. ती भिंतीतून जाते, कोपऱ्यावरून वळते, डोंगराच्या कडेवरून पलीकडे उतरते. ओढ लागते ती मात्र वरच्या पट्ट्याची, कारण तिथे जागा आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की माहिती किती वेगाने जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं, पट्ट्याची रुंदी आणि गोंगाटाच्या तुलनेत संकेताची ताकद. ताकद दुप्पट केली तर वेग थोडाच वाढतो. रुंदी दुप्पट केली तर जवळजवळ दुप्पट होतो. खालच्या पट्ट्यात एका कंपनीला १०-२० मेगाहर्ट्झसाठी झगडावं लागतं. वरच्या पट्ट्यात पाचव्या पिढीच्या मूळ मानकानुसार एकच वाहिनी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकते, आणि वायफायच्या ६० गिगाहर्ट्झ मानकात तर २१६० मेगाहर्ट्झची.

यात नवं काय, असा प्रश्न जगदीशचंद्र बोस यांनी विचारला असता. १८९०च्या दशकात, मार्कोनी लांब लहरींच्या मागे असताना, बोस यांनी तरंगलांबी पार ५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झपर्यंत आणली होती. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपली उपकरणं मांडली. लहरींच्या कंपनाची दिशा गाळायला त्यांनी रेल्वेचं छापील वेळापत्रक घेऊन त्याच्या पानांमध्ये धातूचे पातळ पत्रे घातले होते, आणि पीळ दिलेल्या तागाने ती दिशा फिरवून दाखवली होती. मला यात जास्त मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी या लहरी लहान केल्या त्या प्रकाशाशी असलेलं नातं तपासण्यासाठी. परावर्तन, अपवर्तन, ध्रुवीकरण हे सगळं टेबलावर मावेल अशा आकारात करता यावं म्हणून. म्हणजे या पट्ट्याशी ज्यांची पहिली गाठ पडली त्यांना तो प्रकाशाचा भाऊबंद आहे हे ठाऊक होतं.

या लहरी लांब का जात नाहीत याची जी कारणं सर्रास सांगितली जातात ती बहुतेक अर्धवट आहेत, आणि धोरणाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. हवेतला ऑक्सिजन त्या गिळतो, असं म्हणतात. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास हे खरं आहे. तिथे किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल जातात (दर दहा डेसिबलला ताकद दहापट घटते). पण खोलीतल्या दहा मीटरांवर तो तोटा नगण्य असतो, आणि २८ गिगाहर्ट्झवर तर ऑक्सिजनचा हिशोब धरायचीही गरज नाही. पावसाचं तसंच. तासाला २५ मिलिमीटर पडणाऱ्या जोरदार पावसातही २८ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे चार-पाच डेसिबलचाच फटका बसतो. २०० मीटरच्या जोडणीला तो एक डेसिबलच्या आसपास.

दुसरा समज असा की वारंवारता वाढली की मोकळ्या अवकाशातही लहर लवकर विरते. हॅराल्ड फ्रिस यांचं १९४६चं सूत्र वाचताना ही गफलत होते. दहापट वारंवारतेला २० डेसिबल जास्त तोटा दिसतो तो अँटेनाही त्याच प्रमाणात लहान केला म्हणून. अँटेनाचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवलं तर हा तोटा उरत नाही. २८ गिगाहर्ट्झवर अर्धी तरंगलांबी साधारण ५.४ मिलिमीटर भरते, त्यामुळे चार-साडेचार सेंटिमीटरच्या चौकोनात ६४ अँटेना बसतात. प्रत्येकीला दिलेला संकेत शेजारणीपेक्षा किंचित पुढेमागे केला की सगळ्यांच्या लहरी एकाच दिशेने एकमेकींत मिसळून झोत तयार होतो. काहीही न हलवता तो झोत हवा तिकडे फिरवता येतो. माझ्यासमोर बोर्डाने कपाटाकडे तोंड वळवलं ते असंच.

खरी अडचण आहे ती आड येणाऱ्या वस्तूंची. न्यूयॉर्क विद्यापीठात थिओडोर रॅपापोर्ट यांच्या गटाने २८ गिगाहर्ट्झवर केलेली आणि २०१३ मध्ये मांडलेली मोजमापं या क्षेत्रात आजही आधाराला घेतली जातात. साध्या पारदर्शक काचेतून जाताना चार डेसिबलहूनही कमी तोटा. विटांच्या खांबातून सुमारे २८. आणि बाहेरच्या बाजूच्या रंगीत काचेतून तब्बल ४०. चाळीस डेसिबल म्हणजे दहा हजार भागांतला एक भाग आत पोचला. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा अगदी पातळ थर दिलेला असतो, आणि धातू लहरींना परत फिरवतो. वीज वाचवणारी चांगली इमारत या लहरींना जास्त बंदिस्त असते, आणि नव्या इमारती तशाच बांधल्या जाणार आहेत, बांधल्या जायलाही हव्यात. म्हणजे रस्त्यावरच्या खांबावरून घरातल्या फोनपर्यंत या लहरी पोचवण्याचं स्वप्न दरवर्षी थोडं थोडं मागे सरकतंय.

आता या भौतिकशास्त्रावर देशव्यापी जाळ्याचा हिशोब मांडून बघा. एका खांबाची पोच २०० मीटर धरू. खालच्या पट्ट्यातला एक टॉवर पाच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ सांभाळत असेल, तर तेवढंच क्षेत्र भरायला नुसत्या क्षेत्रफळाने ६२५ खांब लागतात. वर्तुळं एकमेकांवर चढवावी लागतात, झाडं आणि कोपरे धरावे लागतात, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्त. प्रत्येक खांबाला वीज हवी, परवानगी हवी, आणि गिगाबिट वाहून नेणारी फायबर हवी. एकदा फायबर इमारतीच्या दारात आलीच, तर मधला खांब कशासाठी?

हा हिशोब दक्षिण कोरियाने प्रत्यक्षात करून पाहिला. २०१८ मध्ये तिथे २८ गिगाहर्ट्झचा २४०० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा तीन कंपन्यांना मिळून सहाशे अब्ज वॉनहून जास्त किमतीला विकला गेला. प्रत्येकीने तीन वर्षांत १५,००० केंद्रं उभारायची अशी अट होती. प्रत्यक्षात उभी राहिली ती दहा-बारा टक्के. ज्या देशात जगातले आघाडीचे फोन घडतात तिथल्या बाजारात २८ गिगाहर्ट्झ पकडणारा फोनच विकला जात नव्हता. २०२२ अखेरीस सरकारने दोन कंपन्यांचे हक्क काढून घेतले, मे २०२३ मध्ये तिसरीचेही. नवी कंपनी यावी म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा लिलाव झाला, बोली प्रचंड लागली, आणि विजेती कंपनी भांडवलाची अट पुरी करू शकली नाही म्हणून त्याच वर्षी तोही रद्द झाला. हे सगळं एका सक्षम, तंत्रज्ञानात पुढे असलेल्या देशात घडलं, म्हणून मला ते जास्त गंभीर वाटतं. तिथे अभियंते कमी पडले नाहीत. परवान्याचा साचाच लहरीला बसत नव्हता.

ही पहिली वेळही नव्हे. अमेरिकेत १९९८ मध्ये २८ गिगाहर्ट्झच्या आसपासचे परवाने शहरा-शहरांसाठी विकले गेले होते, घराघरांत बिनतारी ब्रॉडबँड देण्यासाठी. त्याच काळात २४ आणि ३८ गिगाहर्ट्झवर इमारतींच्या गच्च्या जोडू पाहणाऱ्या टेलिजेंट आणि विनस्टार या कंपन्या २००१ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. त्यात कर्जाचा आणि कोसळलेल्या शेअर बाजाराचा वाटा मोठा होता, हे मान्य. पण त्यानंतर ते पट्टे कित्येक वर्षं कोणाच्या तरी मालकीचे राहिले आणि फारसे वापरलेच गेले नाहीत, हे विसरू नये. जमीन पडीक असते तेव्हा ती डोळ्यांना दिसते. पडीक स्पेक्ट्रम कोणालाच दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी जाबही विचारत नाही.

स्पेक्ट्रमवर एकाचाच हक्क का असावा, याचं कारण सरळ आहे: दोघे एकाच वारंवारतेवर बोलले तर दोघांचंही ऐकू येत नाही. खालच्या पट्ट्यात हे शंभर टक्के लागू आहे. तिथे एकाचा टॉवर दुसऱ्याच्या जिल्ह्यात घुसतो. पण जी लहर विटेच्या भिंतीत सहाशेपट क्षीण होते आणि शिवाय अरुंद झोतात जाते, तिला देशभर एकच मालक कशासाठी? एका कारखान्यातली २६ गिगाहर्ट्झची जोडणी रस्त्यापलीकडच्या रुग्णालयातल्या जोडणीला त्रास देत नाही. दोघांनाही तीच वारंवारता देता येते. राष्ट्रीय परवाना जिथे कोरडेपणाने एकच मालक नेमतो, तिथे निसर्गाने भिंती घालून हजारो वाटे आधीच पाडून ठेवले आहेत.

याला विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मला वजनदार वाटतात. पहिला गुंतवणुकीचा. खात्रीचा दीर्घ हक्क नसेल तर कोण पैसा घालणार? स्टेडियम, मोठी रेल्वे स्थानकं, विमानतळ, जिथे हजारो माणसं मोकळ्या जागेत दाटीने उभी असतात, तिथे मोबाइल कंपन्या या पट्ट्यावर चांगली सेवा देतात. तिथे त्यांना स्थैर्य हवंच. माझं म्हणणं एवढंच की तिथल्या परवान्याची मुदत लांब असावी, व्याप्ती नव्हे. स्टेडियममध्ये पंधरा वर्षांचा हक्क खुशाल द्या. तेवढ्यासाठी शंभर किलोमीटरवरच्या गोदामाची लहर का अडकवून ठेवायची?

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. ६० गिगाहर्ट्झचा पट्टा बऱ्याच देशांत विनापरवाना खुला आहे, अमेरिकेत तर २०१६ पासून ५७ ते ७१ गिगाहर्ट्झ. त्यासाठीचं वायफाय मानक २०१२ मध्येच तयार झालं. मग घरोघरी ते का नाही? विरोधक म्हणतात, कुंपण काढून टाकलं तरी कोणी आलं नाही. हे खरं आहे, आणि मीही बरीच वर्षं या उत्तराने अडखळलो. पण नीट पाहिलं तर ते मानक फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये घालून खोलीखोलीत जुन्या वायफायची जागा घेऊ पाहत होतं, आणि जुनं वायफाय दोन भिंती सहज पार करत होतं. जिथे दोन्ही टोकं जागेवर खिळलेली असतात, तिथे चित्र वेगळं आहे. टॉवरमागची जोडणी वाहणारे ७० आणि ८० गिगाहर्ट्झचे झोत जगभर रोज एक-दोन किलोमीटरवर कित्येक गिगाबिट नेतात, आणि त्यांना अनेक देशांत जोडणीगणिक हलका, स्वस्त परवाना मिळतो. गाड्यांमधले ७६ ते ८१ गिगाहर्ट्झचे रडार लाखोंनी बनतात. म्हणजे नुसता खुला पट्टा पुरत नाही, आणि नुसता लिलावही पुरत नाही. कोणी कुठे काय लावलं आहे याची नोंद असलेला, जागेपुरता, हेवेदावे सोडवता येतील असा परवाना लागतो.

असे परवाने कागदावरची कल्पना राहिलेले नाहीत. जपानने डिसेंबर २०१९ मध्ये जमीन किंवा इमारत ज्यांची आहे त्यांना स्वतःचं स्थानिक जाळं उभारता यावं म्हणून २८ गिगाहर्ट्झमधला एक तुकडा बाजूला काढला. जर्मनीत १ जानेवारी २०२१ पासून २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झसाठी जागेपुरता अर्ज करता येतो, लिलाव नाही. तिथेही रांगा लागल्या असा माझा दावा नाही; उपकरणं अजून महाग आहेत आणि जाळं चालवणारी माणसं कमी. पण अर्जदार आला नाही तर तिथे लहर कोणाच्या तिजोरीत अडकून पडत नाही.

नोंद असलेला परवाना हवा म्हणतो त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. पाण्याच्या वाफेचा रेणू २२ गिगाहर्ट्झच्या जरा वर स्वतःहून अतिशय क्षीण रेडिओ संकेत सोडतो. हवामान उपग्रह २३.६ ते २४ गिगाहर्ट्झच्या खिडकीतून तो ऐकतात आणि त्यावरून वातावरणात कुठे किती वाफ आहे ते कळतं. वादळ कुठे वळेल, पाऊस किती पडेल, या अंदाजांच्या मुळाशी ही मोजणी असते. हा पट्टा दुसरीकडे हलवता येत नाही. वाफेने तो निवडलेला आहे. मोबाइलचा पट्टा सुरू होतो २४.२५ पासून, म्हणजे अगदी शेजारी. प्रक्षेपकातून बाजूला सांडणारी थोडी ऊर्जा त्या खिडकीत गेली तर उपग्रहाला ती वाफ वाटू शकते, आणि चूक झाली हे त्याला कळायचा मार्ग नसतो.

२०१९ मध्ये शर्म अल-शेखच्या जागतिक रेडिओ परिषदेत यावर मोठी ओढाताण झाली. ठरलं ते असं: त्या खिडकीत सांडणाऱ्या ऊर्जेवर दर २०० मेगाहर्ट्झला उणे ३३ डेसिबल-वॉटची मर्यादा, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्या केंद्रांना उणे ३९, म्हणजे चौपट कडक. जागतिक हवामान संघटनेने याहून बरीच कडक मर्यादा मागितली होती. आधी बसवलेली केंद्रं मात्र जुन्याच मर्यादेवर चालू राहणार. प्रत्येक प्रक्षेपक कुठे आहे, किती वर तोंड करून आहे, कधी सुरू झाला हे नियामकाच्या वहीत असेल, तर उद्या मोजणीत गडबड दिसली की शोध घेता येईल. देशव्यापी परवान्यात ही माहिती कंपनीच्या घरात राहते. छताखाली, खाली तोंड करून लावलेली जागेपुरती केंद्रं तर मुळात आकाशात फारच कमी सांडतात.

लोकांची भीती मात्र भलतीकडेच वळली आहे. पाचव्या पिढीच्या मोबाइल लहरींनी रोग होतात म्हणून २०२० मध्ये ब्रिटनमध्ये टॉवर जाळले गेले. मिलिमीटर लहरी तर त्वचेत साधारण मिलिमीटरभरच शिरतात, त्यांच्यात रेणू तोडण्याइतकी ऊर्जा नसते, आणि त्यांच्या उष्णतेच्या मर्यादा २०२० मध्ये नव्याने ठरलेल्या आहेत. तेवढीच जागरूकता वाफेच्या त्या खिडकीबद्दल दिसली असती तर मला बरं वाटलं असतं.

सहाव्या पिढीची चर्चा सुरू झाल्यावर १०० गिगाहर्ट्झच्या वरची स्वप्नं रंगवली गेली, आणि आता उद्योगाची नजर हळूहळू खाली, ७ ते १५ गिगाहर्ट्झकडे आली आहे; २०२७च्या रेडिओ परिषदेत त्याच भागातले पट्टे तपासले जाणार आहेत. मोबाइल कंपन्यांना मिलिमीटर पट्ट्याची तातडी उरलेली नाही. म्हणूनच साचा बदलायला ही वेळ चांगली आहे. ज्यांची मुदत संपते किंवा जे वापराविना परत येतात ते परवाने पुन्हा राष्ट्रीय लिलावात ढकलू नयेत. आणि ज्यांची मुदत बाकी आहे त्यांना अट घालावी: जिथे तुम्ही प्रक्षेपण करत नाही, तिथे दुसऱ्याने अर्ज केला तर नकार देता येणार नाही.

त्या खोलीत आम्ही आठवडाभर मोजमापं घेतली. चौथ्या दिवशी कळलं की भिंतीपलीकडच्या खोलीत दुसरा गट त्याच वाहिनीवर, तसल्याच बोर्डांची जोडी चालवतोय, सोमवारपासून. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. एकाच्या सुरू-बंद होण्याचा दुसऱ्याच्या रेघेवर कुठेच मागमूस नव्हता. मधला दरवाजा सताड उघडा ठेवून पुन्हा पाहिलं, तेव्हा कधीमधी बारीक खाचा दिसल्या. मग त्यांच्यातल्या एकाने उठून दार लावून घेतलं आणि दोघांचंही काम पुढे चालू झालं.